कार्डिफ ते एडिनबरा, सरळ उत्तरेला

मुलीने एडिनबराची नोकरी घेतली तेव्हा तिने मला त्या शहराबद्दल काहीच सांगितलं नाही. फक्त वेळ सांगितली. "सव्वा तासाची फ्लाइट आहे, आई. तू वीकेंडला येऊन वीकेंडला परत जाऊ शकते." तिचा जन्म कार्डिफचा, मराठी घरातल्या घरात शिकलेलं, त्यामुळे अवघड गोष्टीही ती छोट्या वाक्यांत सांगते. मला ते पटलं. पुढे कोणीही 'मुलगी कुठे असते' असं विचारलं, की मी गावाच्या आधी वेळ सांगायचे. हॉस्पिटलच्या कॉफी रूममध्ये सांगितलं, इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत सांगितलं, नागपूरच्या जाऊबाईंना फोनवर सांगितलं. त्यांना मुलाकडे पुण्याला जायला अख्खी रात्र लागते, त्यामुळे त्यांना तर हेवाच वाटला.

पाचशे किलोमीटर म्हणजे तसं थोडं अंतर नाही. पण सव्वा तास म्हटलं की ते एकदम शेजारच्या गल्लीसारखं वाटतं. विमानात बसायचं, चहा मागवायचा, तो पिऊन होतो न होतो तोच खाली समुद्र आणि पूल दिसायला लागतात. कितीदा गेले, कितीदा आले. मुलगी लांब गेली आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मग तिला दिवस गेले. बाळ जुलैमध्ये येणार होतं. जावयाच्या आईने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, जूनच्या सुरुवातीला इचलकरंजीहून यायचं, काही दिवस आमच्याकडे कार्डिफला राहायचं आणि मग आम्ही दोघींनी मिळून विमानाने एडिनबराला जायचं, असं मुलांनी ठरवलं. त्यांच्या फ्लॅटमध्ये जास्तीची एकच खोली. बाळ यायच्या आधीपासून दोन-दोन आया घरात नकोत, हा त्यामागचा न बोललेला विचार असावा. मला तो समजला. मीही कधीतरी कोणाची सून होते.

विहीणबाई इचलकरंजीच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. आता रिटायर्ड. गावात सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले. त्या मला 'डॉक्टर' म्हणायच्या. मी हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. आमची ओळख म्हणजे लग्नातले चार दिवस आणि नंतरचे व्हिडिओ कॉल, ज्यात 'जेवण झालं का' आणि 'तिकडे थंडी आहे का' याच्या पुढे आम्ही कधी गेलो नव्हतो. इथे आल्यावरही तसंच चाललं. स्वतःचा कप त्या मी उठायच्या आत धुऊन ठेवायच्या. मी त्यांना किल्ला दाखवला. "छान आहे." बंदरावर नेलं. "छान आहे." डोंगरात नेलं, तिथे धुक्यात काहीच दिसलं नाही, तरी "छान आहे." यांना नक्की काय आवडतं ते मला कळेना. त्यातच नवरा पुतण्याच्या लग्नासाठी महिनाभर नागपूरला गेला आणि घरात आम्ही दोघीच उरलो.

एका सकाळी दात घासताना माझ्या उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळा पडदा सरकल्यासारखं झालं. दुखत काहीच नव्हतं. मी डावा डोळा झाकून आरशात पाहिलं तर माझा अर्धा चेहरा नव्हता. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असला की असं होतं, हे पुस्तकातलं मला माहीत होतं. तोंडही न पुसता मी किचनमध्ये गेले. बाईंना सांगितलं. त्यांनी घाबरल्याचं दाखवलं नाही. "पर्स कुठाय तुमची? चला," म्हणाल्या. डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये तपासलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालंसुद्धा. सुटलेला पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला. तो हळूहळू आपोआप विरघळतो, त्याला काही आठवडे लागतात. तोवर सुरुवातीचे दिवस मान खाली घालून बसायचं, तशीच मान खाली घालून जेवायचं, पालथं झोपायचं.

मनगटावर एक पट्टा बांधला. त्यावर लिहिलं होतं: डोळ्यात गॅस आहे, विमानप्रवास नको, भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड नको. असा पट्टा पेशंटच्या हातावर शोधायचं काम मी आयुष्यभर केलं. आता तो माझ्याच हातावर होता. उंचावर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुलैपर्यंत बुडबुडा जाईल, मग आरामात उडू, असा मी हिशोब केला आणि टेबलावर कपाळ टेकवलं.

त्या दिवसांत घराचा ताबा बाईंकडे गेला. मला दिसायचे ते फक्त त्यांचे पाय, अंगठ्याचे करडे मोजे घातलेले. ते पाय किचनमध्ये जायचे, यायचे, माझ्यासमोर खुर्ची ओढायचे. एकमेकींचे चेहरे दिसत नसल्यामुळे की काय, आम्ही बोलायला लागलो.

"डॉक्टर, वेल्सच्या खाणीतला कोळसा याच बंदरातून बोटीवर चढायचा ना?" एकदा मोजे म्हणाले.

"हो. तुम्हाला तिथे नेलं होतं की मी."

"तेच बघत होते मी. पाणी किती आत येतं, बोटी कुठे लागत असतील."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कॉफीच्या दुकानांबद्दल सांगत होता. मध्ये कशाला बोलायचं?"

मला इतकं हसू आलं की मान वर जाईल या भीतीने टेबल धरून ठेवावं लागलं. त्याही हसल्या. त्यानंतर गप्पांना खंड पडला नाही. त्यांचे वडील यंत्रमागावर कामाला होते. मागांच्या खटखटीत झोपायची इतकी सवय, की लग्न होऊन शांत गल्लीत गेल्यावर त्यांना पहिले काही दिवस झोपच लागेना. डोळ्यात थेंब घालायचं काम त्यांनी घेतलं. फळ्यावर नकाशे काढून हात असा स्थिर झालेला, की एक थेंब गालावर सांडला नाही. आणि एका दुपारी फोनवर नकाशा बघत त्या म्हणाल्या, "कार्डिफ आणि एडिनबरा एकाच रेखावृत्तावर आहेत की हो! तीन अंश पश्चिम आणि वर थोडंसं. म्हणजे आपण सरळ उत्तरेला जायचंय. फळ्यावर उभी रेघ मारावी तसं." इतक्या वेळा ये-जा करूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांना मात्र त्याचा एवढा आनंद झाला, की संध्याकाळी मुलाला फोन करून त्यांनी सगळ्यात आधी तेच सांगितलं.

ऑपरेशनला पंधरा दिवस होत आले होते. मान वर करायची परवानगी मिळाली होती. बुडबुडा थोडा आटला होता आणि त्याच्या वरून मला जगाची एक पट्टी दिसायला लागली होती. खालचा भाग मात्र पाण्यातून पाहावं तसा हलायचा. सकाळचा चहा होतोय तोच जावयाचा फोन आला.

"काकू, आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. घाबरू नका. काल चेकअपला बीपी जास्त निघालं, म्हणून ठेवून घेतलं." मागून मुलीचा आवाज आला, "मला दे," आणि मग ती स्वतः. "आई, माझी बीपी वाढला आहे. आणि युरिनमध्ये प्रोटीन पण आली. डॉक्टर म्हणाली की बाळ आज काढायचा."

ती काहीही चुकीचं बोलली की मी एरवी लगेच सुधारते. त्या दिवशी नाही सुधारलं. "आज?"

"आज. तू येते ना?"

"येते," मी म्हटलं. तोंडातून निघूनही गेलं. दुपारचं विमान आहे, सव्वा तास, संध्याकाळच्या आत तिच्याजवळ. फोन ठेवला आणि हात टेबलावर टेकवला तेव्हा मनगटावरचा पट्टा दिसला.

एवढी वर्षं ज्या आकड्याच्या भरवशावर मी निवांत झोपत होते, तो त्या दिवशी माझ्या कामाचाच नव्हता.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई, तुम्ही दुपारच्या विमानाने पुढे जा," मी म्हटलं. "मी तिकीट काढून देते. तिथे जावईबापू उतरवून घेतील."

"आणि तुम्ही?"

"मी नाही येऊ शकत."

"विमानाने नाही येऊ शकत," त्या म्हणाल्या. "रेल्वे आहे की. या देशात तर रेल्वेचा शोध लागलाय."

"सात तास लागतात. मधे मँचेस्टरला गाडी बदलायची. मला एका डोळ्याने लांबच्या पाट्या वाचता येत नाहीत."

"मला इंग्रजी बोलता येत नाही. वाचता येतं. पाट्या मी वाचते, बोलायचं तुम्ही."

मी क्लिनिकला फोन लावला. नर्सने माझं सगळं ऐकून घेतलं. ट्रेन चालेल, म्हणाली. थेंब चुकवू नका, आडवं व्हायची वेळ आली तर सांगितलेल्या कुशीवरच झोपा, आणि कृपा करून वाटेत बेन नेव्हिसचा उंच डोंगर चढायला जाऊ नका. मी हसले आणि मग लक्षात आलं की आपण रडतोय. बाईंनी तोवर बॅग भरायला घेतली होती. डिंकाचे लाडू त्यांनी दोन दिवसांपूर्वीच करून ठेवले होते. मी म्हणत होते एवढ्या लवकर कशाला. तो डबा सगळ्यात वर ठेवला.

गाडीत मला खिडकीकडे पाठ करून बसावं लागलं, कारण समोरून पळणारी झाडं आणि डोळ्यातली हलती रेघ यांनी मळमळायला लागलं. बाई समोर बसल्या आणि स्टेशनं वाचत राहिल्या. हेरफर्ड. श्रूजबरी. त्यांचे उच्चार असे सुंदर चुकीचे होते, की शेजारच्या बाकावरची एक बाई कौतुकाने वळून पाहत होती. एका ठिकाणी त्या एकदम पुढे वाकल्या. "ही सेव्हर्न का?" मी डोळे मिटूनच हो म्हटलं. "पाठ होती," त्या म्हणाल्या. "इंग्लंडच्या नद्या. आमच्या बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. मला वाटायचं, या खऱ्या असतात की नाही कोण जाणे."

फोनला मध्येच रेंज यायची, मध्येच जायची. जावयाचा मेसेज आला: ड्रिप लावली आहे, बीपी औषधाने थोडं खाली. मी तो तीनदा वाचला. बाईंनी विचारलं, "म्हणजे काय?" मी सांगितलं की कळा सुरू व्हायचं औषध देतायत, पहिलटकरणीला वेळ लागतो, कदाचित उद्यापर्यंतही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आपण पोचू."

मँचेस्टरला पुढच्या गाडीला वेळ होता. बाईंनी माझा दंड धरून मला जिना उतरवला, बोर्ड वाचून प्लॅटफॉर्म शोधला आणि मग जरा संकोचून विचारलं, "डॉक्टर, दोन मिनिटं बाहेर जाऊ या? नुसतं दारापर्यंत?"

माझं मन कशातच नव्हतं, पण त्यांनी आल्यापासून स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. आम्ही दारापर्यंत गेलो. लाल विटांच्या उंच इमारती, रांगेने मोठाल्या खिडक्या. बाई पदर सावरून बघत उभ्या राहिल्या. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. खरं मँचेस्टर कसं असेल, हे त्यांनी वर्गात शेकडो मुलांना सांगितलं होतं.

"या गिरण्या?"

"गोदामं असावीत. काही गिरण्या. आता फ्लॅट झालेत बहुतेक."

"म्हणजे बंद पडल्या?"

"केव्हाच, बाई."

"मी शिकवत होते तेव्हाही बंद होत्या?"

"हो, बऱ्याचशा."

"पुस्तकात नव्हतं हो," त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून त्यांनी हवा चाचपली, कापड चाचपावं तशी. "दमट मात्र आहे. दमट हवेत सूत तुटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वडील शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडायचे." आणि मला परत आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या गाडीने लँकेस्टर सोडलं तेव्हा जावयाचा फोन आला. आवाज बदललेला होता. "काकू, बाळाचे ठोके कमी होतायत म्हणे. तिला थिएटरमध्ये नेतायत. सिझेरियन. मी तिच्या..." आणि फोन तुटला. मी परत लावला. लागेना. पाचेक मिनिटांनी गाडी हळू झाली आणि उभीच राहिली. दोन्हीकडे हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणं, आणि फोनवर एकही रेघ नाही. स्पीकरवर गार्ड म्हणाला की पुढे रुळांवर मेंढ्या आल्या आहेत, त्यांना हटवेपर्यंत थांबावं लागेल, दिलगीर आहोत. डब्यात काही लोक हसले.

मी हसू शकले नाही. माझी अडचण अशी की थिएटरमध्ये या वेळी काय चाललं असेल ते मला मिनिटामिनिटाने दिसत होतं. बीपी किती असेल, रक्त गोठायचे रिपोर्ट आले असतील का, पाठीत सुई देता येईल की पूर्ण भूल द्यावी लागेल, पूर्ण भूल दिली तर नळी घालताना बीपी किती उसळेल. हे सगळं मी वर्षानुवर्षं केलेलं आहे, थंड डोक्याने. त्या दिवशी माझे हात गार पडले होते.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "डॉक्टर, खरं सांगा. काळजीचं आहे का?"

खोटं बोलायची इच्छा झाली. पण या बाईने पंधरा दिवस माझ्या डोळ्यात थेंब घातले होते. "आहे थोडं," मी म्हटलं. "बहुतेक वेळा सगळं नीट होतं. पण काळजीचं आहे."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुमचं काम असतं ते, भूल द्यायचं. ते कुठे उभं राहून करतात?"

"पेशंटच्या उशाशी."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. सर्जन पोटाशी असतात, आम्ही डोक्याशी. तिच्याशी बोलतो, मशीनकडे लक्ष ठेवतो."

"म्हणजे आत्ता तिच्या उशाशी तुमच्यासारखं कोणीतरी उभं असेल."

"हो."

"आणि तुम्ही उभ्या असायच्या, तेव्हा त्या पोरींच्या आया कुठे असायच्या?"

बाहेर व्हरांड्यात असायच्या. कार पार्कमध्ये असायच्या. कित्येकींच्या लागोसला, मनिलाला, क्राकोला असायच्या. त्यांच्यातली एकही मला पाहत नव्हती, आणि मी त्यांच्या मुलीच्या कपाळावर हात ठेवून म्हणत असायचे की छान चाललंय, आता बाळाचा आवाज ऐकू येईल. त्या उशाशी मी कधी निष्काळजी उभी राहिले नाही. मग आज तिथे जे कोणी आहे, ते तरी कशाला राहील?

हात लगेच गरम झाले असं नाही. पण श्वास खालपर्यंत जायला लागला. बाईंनी माझ्या मांडीवर शाल टाकली आणि आम्ही दोघी मेंढ्यांची वाट पाहत बसलो.

गाडी हलली, टेकड्यांमधून वर चढली, उतरली. पेनरिथच्या जवळ माझ्या हातातला फोन एकाएकी थरथरायला लागला. मेसेज एकावर एक पडत होते आणि मला एकही वाचता येईना, कारण बुडबुडाही थरथरत होता. मी फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा सारखा केला. त्यांच्या ओठांची हालचाल मी एका डोळ्याने पाहत होते.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या. मग शाळेत धडा वाचावा तशा स्पष्ट आवाजात पुढचं वाचलं. "दोघी छान आहेत. बाळ लगेच रडलं. बीपी कंट्रोलमध्ये आहे. ती म्हणते आईला सांग, मी जागी होते, मला सगळं ऐकू आलं."

जागी होती. म्हणजे पाठीतली सुई, पूर्ण भूल नाही. त्या एका शब्दात मला सगळा रिपोर्ट मिळाला. मी बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडले, इंग्लंडच्या ट्रेनमध्ये कोणी रडू नये इतक्या मोठ्याने. समोरच्या माणसाने अदबीने वर्तमानपत्र उंच धरलं. तिकीट तपासनीस आला, त्याने विचारलं सगळं ठीक आहे ना, मी म्हटलं नात झाली. बाईंना 'ग्रँडडॉटर' एवढं कळलं आणि त्यांनी बॅगेतून डबा काढला.

"अहो, ते बाळंतिणीचे आहेत," मी नाक पुसत म्हटलं.

"बाळंतीण एकटी कुठे एवढे खाणार आहे? घ्या."

तपासनिसाने लाडू घेतला. डिंकाचा लाडू दाताखाली आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो विचार उमटला, तो त्याने मोठ्या सभ्यपणे गिळला आणि म्हणाला, "व्हेरी हेल्दी." वर्तमानपत्रवाल्याने दोन खाल्ले. कार्लाइलला नेटवर्क नीट मिळालं तेव्हा जावयाचा फोन आला. तो बोलत काहीच नव्हता, नुसता रडत होता, आणि बाई त्याला म्हणत होत्या, "अरे जेवलास का? आधी काहीतरी खा बघू." नागपूरला नवऱ्याला फोन लावला तर तिथे लग्नघरात बँड वाजत होता. मी ओरडून सांगितलं, त्याने ओरडून विचारलं, "डोळा कसा आहे?" मी म्हटलं, "नात झाली!" तो म्हणाला, "काय?" शेवटी त्याने कोणाला तरी बँड थांबवायला लावला.

डोळ्याचंही इथेच सांगून टाकते. पडदा नीट चिकटला. बुडबुडा लहान लहान होत एका मण्याएवढा झाला आणि एका सकाळी नव्हताच. एडिनबरालाच एका आय क्लिनिकमध्ये तपासणी झाली, पट्टा कापला, आणि मी पूर्ण चेहरा आरशात पाहिला. त्या चेहऱ्याला आंघोळीची गरज होती, पण तो पूर्ण होता.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही स्टेशनवरून टॅक्सीने थेट हॉस्पिटलला गेलो. उन्हाळ्यात तिथे उशिरापर्यंत ऊन असतं. वॉर्डच्या खिडकीतून ते थेट मुलीच्या पायांवर येत होतं. ती पांढरीफटक दिसत होती आणि टोस्ट खात होती. बीपीच्या औषधाची ड्रिप चालू, शेजारी पारदर्शक पाळण्यात आमची नात, तळहाताएवढा चेहरा मुठीवर ठेवून झोपलेली. वेळेआधी आली तरी स्वतःचा श्वास स्वतः घेत होती. मी सवयीने आधी मॉनिटरवरचे आकडे पाहिले, मग मुलीला पाहिलं.

मिडवाइफने पाळण्यातून बाळ उचललं आणि विचारलं, कोणाकडे देऊ? बाई मागे सरकल्या. "तुम्ही घ्या, डॉक्टर. तुमच्या मुलीचं आहे."

"माझ्या एका डोळ्याने मला अंतर कळत नाही, बाई. तुम्ही घ्या. तुमच्या मुलाचंही आहे."

"नको, नको, आधी आईच्या आईचा मान."

"अरे, कोणीतरी घ्या ना," मुलगी टोस्ट चावत म्हणाली. "तिची हात किती वेळ असा राहणार?"

मिडवाइफला भाषा कळत नव्हती, पण भांडण कळलं असावं. तिने मला खुर्चीत बसवलं, बाईंना शेजारी बसवलं आणि बाळ आमच्या दोघींच्या मध्ये असं ठेवलं, की डोकं माझ्या हातावर आणि पाय बाईंच्या. जावयाने फोटो काढला. त्यात मी आणि बाई दोघीही भलतीकडेच बघतोय, फक्त बाळ नीट आलं आहे.

थोड्या वेळाने आम्हाला बाहेर काढलं. जावई रात्री तिथेच थांबणार होता. त्याने फ्लॅटच्या किल्ल्या दिल्या. टॅक्सीतून उतरलो तर फ्लॅटच्या खालीच तळलेल्या बटाट्याच्या गरम चिप्सचं दुकान उघडं होतं. सकाळपासून पोटात लाडवांशिवाय काही नव्हतं. मी एक मोठं पुडकं घेतलं. त्यावर तिथले लोक एक तपकिरी आंबट सॉस ओततात, तोही ओतवून घेतला. वर जाऊन ताटल्या काढायचंही त्राण नव्हतं. समोरच्या बुटक्या भिंतीवर आम्ही दोघी बसलो, बॅगा पायाशी. ऊन अजून छपरांवर होतं. बाईंनी पहिली चिप फुंकून खाल्ली, विचार केला आणि म्हणाल्या, "याच्यावर थोडं तिखट असतं तर."

"घरात असेल," मी म्हटलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिथेच बसून सगळं पुडकं संपवलं.